पास देणाऱ्याचा रकाना

बास्केटबॉलचा अधिकृत गुणतक्ता ज्यांनी कधी हातात धरला नसेल, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. डाव्या बाजूला दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावं, त्यांच्या बनियनवरचे नंबर, आणि प्रत्येकापुढे फाऊलसाठी पाच चौकोन. उजव्या बाजूला ओळीनं छापलेले आकडे. ज्यानं बास्केट केली त्याचा नंबर त्या आकड्याशेजारी लिहायचा, दोन गुण असतील तर आकड्यावर तिरकी रेघ मारायची, फ्री थ्रो असेल तर भरीव टिंब द्यायचं. तीन गुणांची बास्केट आली १९८४ नंतर. तिच्यासाठी नंबराभोवती गोल करायचा. टाइम-आउटचे चौकोन वेगळे, पंचांच्या सह्या खाली. जवळजवळ तीस वर्षं मी बेळगावात आणि आसपासच्या गावांत हा कागद भरला. त्याच्यावर सगळ्याला जागा आहे. ज्यानं चेंडू टाकला त्याला आहे, ज्यानं धक्का मारला त्याला आहे, ज्या प्रशिक्षकानं आरडाओरडा केला त्यालाही आहे. ज्यानं बास्केटखाली मोकळ्या उभ्या असलेल्या गड्याच्या हातात नेमका चेंडू नेऊन दिला, त्याला मात्र नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांच्या आकडेवारीत हा रकाना असतो. त्याला ते ‘असिस्ट’ म्हणतात. मराठीत याला नेटका शब्द नाही. ‘साहाय्य’ म्हटलं की पूरग्रस्तांची आठवण येते. आमच्याकडे मैदानावर नुसतं ‘दिला’ म्हणत. ‘काय दिला रे!’ एवढीच पावती. कानडी पोरं ‘कोट्टा नोडो’ म्हणत, म्हणजे तेच. चेंडू हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच. त्याच्यावरून बेळगावात कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही.

या रकान्यात जगात सगळ्यांत मोठा आकडा ज्याच्या नावापुढे आहे, त्या जॉन स्टॉकटनविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. १५८०६. त्याच्या मागे ख्रिस पॉल आहे, तोही मोठाच खेळाडू. पण दोघांत तीन हजारांहून जास्त अंतर आहे. हा विक्रम मोडला जाईल असं या खेळातल्या जाणकारांना वाटत नाही. मलाही नाही.

स्टॉकटनचा जन्म २६ मार्च १९६२ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावचा. त्याच्या वडिलांचा तिथं कॉलेजजवळ बार होता. शाळा त्याच गावात, कॉलेजही त्याच गावातलं गोन्झागा. उंची सहा फूट एक इंच. आपल्याकडे एवढ्या उंचीच्या मुलाला लग्नाच्या बाजारात भाव असतो, पण त्या खेळात तो बुटकाच. १९८४ च्या ऑलिंपिक संघाच्या निवड शिबिरात त्याला बोलावलं होतं, आणि तिथून परत पाठवलं. परत पाठवलेल्यांत कार्ल मेलोन नावाचा लुइझियानाचा एक आडदांड पोरगाही होता. पुढं काय होणार आहे याची त्या दोघांना कल्पना असायचं कारण नव्हतं.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले. पहिला हकीम ओलाजुवान, तिसरा मायकेल जॉर्डन, पाचवा चार्ल्स बार्कले. सोळावा स्टॉकटन. त्याला घेतलं युटा जॅझनं. या नावाची एक गंमत आहे. संघ मूळचा न्यू ऑर्लिन्सचा, जॅझ संगीताच्या गावचा. १९७९ मध्ये तो मॉर्मन लोकांच्या सॉल्ट लेक सिटीत आला आणि नाव तसंच राहिलं. गाव बदललं तरी नाव बदलायचं नाही, हा प्रकार आम्हा सीमाभागातल्यांना नवलाचा वाटतो. आमच्याकडे गाव जागेवर राहतं आणि नाव बदलतं.

पहिली तीन वर्षं तो रिकी ग्रीन या खेळाडूचा बदली म्हणून खेळला. १९८५ मध्ये मेलोन त्याच संघात आला. १९८७-८८ च्या हंगामात स्टॉकटन पहिल्या पाचात उभा राहिला आणि त्या एका वर्षात त्यानं ११२८ असिस्ट केले; तोवरचा विक्रमच होता तो. १९९०-९१ मध्ये ११६४ केले, आणि तो आकडा आजही पहिला आहे. सलग नऊ हंगाम या यादीत तोच वर होता. १ फेब्रुवारी १९९५ ला त्यानं मॅजिक जॉन्सनचा ९९२१ चा विक्रम मागं टाकला. पुढच्या वर्षी चेंडू हिसकावण्याचा विक्रमही त्याच्याच नावावर गेला. तो निवृत्त झाला तेव्हा त्या रकान्यात ३२६५ लिहिलेले होते.

हे आकडे सांगून झाले, पण मला सगळ्यांत आवडतो तो निराळाच आकडा. एकोणीस हंगाम, एकच संघ, १५०४ सामने. एका हंगामात ब्याऐंशी सामने असतात, १९९८-९९ मध्ये मालक-खेळाडूंच्या तंट्यामुळं पन्नासच झाले. हिशोब करून बघा, एकूण १५२६ होतात. म्हणजे एकोणीस वर्षांत तो फक्त बावीस सामने चुकला. त्यांतले अठरा १९९७ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळं, चार त्याच्या आधीचे. बाकी सतरा हंगामांत एकही खाडा नाही. सरकारी नोकरीतही असं हजेरीपत्रक मी पाहिलेलं नाही.

त्याचा खेळ दिसायला अगदीच साधा. बाकीच्यांच्या चड्ड्या गुडघ्याखाली गेल्या तरी याची मांडीवरच राहिली. चेंडू पाठीमागून फिरवणं नाही, बास्केटला लोंबकळणं नाही. त्याचा आणि मेलोनचा एकच ठरलेला डाव होता, आणि सगळ्या अमेरिकेला तो पाठ होता. स्टॉकटन चेंडू टप्प्यावर घेऊन बाजूनं यायचा. मेलोन वर येऊन स्टॉकटनच्या पहारेकऱ्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहायचा. पहारेकरी खांबाला अडकला की मेलोनचा पहारेकरी घोटाळ्यात. स्टॉकटनला अडवायला जावं तर मेलोन वळून बास्केटकडे मोकळा, न जावं तर स्टॉकटन मोकळा. तो घोटाळा अर्ध्या सेकंदाचा असतो. त्या अर्ध्या सेकंदात स्टॉकटन जमिनीवर एक टप्पा देऊन चेंडू असा सोडायचा की मेलोनला धावता धावता हात खाली न्यावा लागत नसे, वरही न्यावा लागत नसे. मेलोननं कारकिर्दीत ३६९२८ गुण केले. त्यांतल्या कितींवर स्टॉकटनचा हात होता, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

काही जणांचं म्हणणं असं, की घरच्या मैदानावरचे गुणलेखक त्याला सढळ हातानं असिस्ट देत. असेलही थोडं. असिस्ट हा लिहिणाऱ्याच्या नजरेवर असतो. पास मिळाल्यावर गड्यानं फार वेळ घोळवला तर तो धरायचा नाही, पण ‘फार’ म्हणजे किती हे टेबलावरच्या माणसानं ठरवायचं. मी टेबलावर बसलेला आहे, मला माहीत आहे हात कुठं सैल होतो. पण निम्मे सामने तर दुसऱ्यांच्या गावात झाले, आणि तिथल्या गुणलेखकाला परक्या गावच्या पाहुण्याचा पुळका यायचं काही कारण नाही.

हे सगळं मी कुठं पाहिलं, तर घरच्या केबलवर. नव्वदच्या दशकात शहापुरात आमच्या गल्लीत केबल आली आणि अमेरिकेतले रात्रीचे सामने आमच्याकडे सकाळी दिसायला लागले. अण्णा, म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, अंघोळ न करताच यायचा. त्याच्या घरी केबल नव्हती. त्याची पिठाची गिरणी. नऊला पट्टा सुरू करायचा असायचा. तोवर तो आमच्या पडवीत खुर्चीच्या कडेवर बसून सामना बघे. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चेंडू कुठंही असो, अण्णा स्टॉकटनलाच बघत असे. मी विचारलं तर म्हणाला, “चेंडू काय, तो जाईल तिथं दिसेलच. हा कुठं बघतोय ते बघ. ज्याला द्यायचा त्याच्याकडे हा बघतच नाही.”

अण्णाला ते दिसायचं, कारण तो स्वतः तोच धंदा करत असे. १९७४ पासून १९८४ पर्यंत अण्णा आमच्या भागातल्या एका संघात गार्ड होता. उंची पाच फूट पाच. संघात निम्मे मराठी, निम्मे कानडी. चेंडू वर आणणं आणि डाव पुकारणं हे त्याचं काम. कोल्हापूरचा संघ आला की तो कानडीत पुकारायचा, हुबळीचा आला की मराठीत. कोल्हापूरकरांना कळायचं नाही, हुबळीकरांना अर्धंमुर्धंच. पंचाईत व्हायची ती गावातल्याच दुसऱ्या संघाशी गाठ पडली की. दोन्ही भाषा सगळ्यांनाच येत. मग तो बोटांच्या खुणा करायचा, आणि त्याही खोट्या. सेंटरला आमचा एक कानडी मित्र होता, सहा फूट दोन इंचांचा. अण्णा आणि तो यांची जोडी म्हणजे आमची स्टॉकटन-मेलोनची जोडी, असं मी नंतर, ते दोघे कोण हे कळल्यावर, म्हणायला लागलो. तेव्हा असं म्हणायला नमुनाच नव्हता.

१९८१ साली एका मोठ्या कार्यालयात खेळाडूंच्या कोट्यातून दोन जागा निघाल्या. कार्यालयाचं नाव सांगत नाही. त्या काळी अशा नोकरीला आमच्याकडे सोन्याचा भाव होता, एवढं पुरे. अण्णा आणि सेंटर दोघेही गेले. प्रमाणपत्रं दोघांची सारखी, कारण संघ एकच. मग साहेबांनी कात्रणं मागितली. वर्तमानपत्रात कधी आमच्या स्पर्धेची चार ओळींची बातमी आलीच तर तीत काय असायचं? अमुक संघानं तमुक संघाला इतक्या-इतक्या गुणांनी हरवलं, विजयी संघातर्फे अमक्यानं बावीस, तमक्यानं अठरा गुण केले. त्या बावीसवाल्याचं नाव सेंटरचं. अण्णाचं नाव कुठल्याच कात्रणात नाही. साहेबांनी विचारलं, “तुम्ही किती गुण करता?” अण्णानं खरं ते सांगितलं, “चार. कधी सहा.” बाकी काही बोलला नाही. बोलला असता तरी दाखवायला कागद कुठं होता? मूळ गुणतक्ते काढून नेले असते तर त्यांत अण्णाच्या नावापुढे दिसले असते ते तीन-चार फाऊल, कारण उंच माणसांत घुसणाऱ्या गार्डला फाऊल होतातच.

एक जागा सेंटरला मिळाली, दुसरी तिसऱ्याच एका गावच्या मुलाला. सेंटरनं पहिल्या पगारातून अण्णासाठी बूट आणले. अण्णानं ते घेतले, आणि त्याच बुटांवर आणखी तीन वर्षं त्याच सेंटरला पास दिले. यात अण्णाचा मोठेपणा होता की दुसरं काही करता येत नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मावशी मात्र त्या सेंटरशी पुष्कळ दिवस बोलत नव्हती. वास्तविक त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण आईचं मन गुणतक्ता वाचत नाही.

राग मला त्या साहेबांचाही फारसा येत नाही. त्यांच्यासमोर जो कागद होता तो त्यांनी वाचला. कागदच असा छापलेला. शेवटच्या माणसाचं नाव लिहायचं, त्याच्या आधीच्याचं नाही. आणि हे बास्केटबॉलपुरतंच आहे असंही नाही. पण तो विषय वाढवत नाही.

आता स्टॉकटनच्या त्या दोन वर्षांकडे येतो.

२९ मे १९९७. ह्यूस्टनमध्ये सहावा सामना, गुण शंभर-शंभर, दोन पूर्णांक आठ दशांश सेकंद शिल्लक. मेलोननं वाट अडवून धरली, स्टॉकटनला चेंडू मिळाला, समोरून बार्कले धावून आला आणि त्याच्या हातावरून स्टॉकटननं तीन गुणांची बास्केट केली. जॅझ पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेले. तो माणूस त्या दिवशी जसा उड्या मारत होता तसा पूर्वी कधी दिसला नव्हता. आमच्या पडवीत अण्णाही उभा राहिला, आणि बायकोनं आणलेला चहा सांडला.

अंतिम फेरीत समोर जॉर्डनचा शिकागो बुल्स. चौथ्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात स्टॉकटननं स्वतःच्या बास्केटखालून जवळजवळ सगळं मैदान ओलांडून, जॉर्डनच्या हाताजवळून, मेलोनकडे एक लांब पास फेकला. तेवढी आगळीक तो एरवी करत नसे. मेलोननं बास्केट केली, सामना ७८-७३ असा जिंकला. अण्णाच्या मते जगात दिला गेलेला सर्वोत्तम पास तोच. पण सहाव्या सामन्यात उलटं झालं. गुण बरोबरीत, चेंडू जॉर्डनकडे. स्टॉकटन पहारा देत होता स्टीव्ह करवर. तो करला सोडून जॉर्डनला अडवायला गेला. त्या जागी कोणीही गेलं असतं. आणि आयुष्यभर शेवटचा शॉट स्वतः मारणाऱ्या जॉर्डननं त्या दिवशी पास दिला. मोकळ्या करनं बास्केट केली. शिकागो ९०-८६.

पुढच्या वर्षी १४ जून १९९८, पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा सहावा सामना, या वेळी सॉल्ट लेक सिटीत. एक्केचाळीस-बेचाळीस सेकंद उरले असताना स्टॉकटनच्या तीन गुणांनी जॅझ ८६-८३ असे पुढे. मग जॉर्डननं बास्केट केली, मेलोनच्या हातातून चेंडू काढून घेतला, आणि पाच पूर्णांक दोन दशांश सेकंद राहिले असताना तो प्रसिद्ध शॉट मारला. ८७-८६. शेवटचा प्रयत्न स्टॉकटनचा. चेंडू रिंगवर लागला आणि बाहेर आला. टीव्हीवर मग बराच वेळ जॉर्डन आणि त्याचे सोबती दिसत राहिले. मी म्हटलं, “दुसऱ्या कुणाला द्यायला हवा होता का?” अण्णा म्हणाला, “नाही. त्यानंच मारायला हवा होता. गेला नाही, एवढंच.” आणि गिरणी उघडायला गेला.

अजिंक्यपद स्टॉकटनला मिळालं नाहीच. एकोणीसही हंगामांत त्याचा संघ बाद फेरीत पोचला, हेही एरवी कुणाला साधलेलं नसतं. ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं मात्र आहेत, १९९२ आणि १९९६ ची. १९९२ मध्ये आधीच्या पात्रता स्पर्धेत पायाचं हाड मोडलं, तरी त्याला संघातून काढलं नाही. बार्सिलोनाला त्याच्या सोबत्यांना हॉटेलबाहेर पडणं मुश्कील झालं होतं, आणि हा बायकोमुलांना घेऊन गर्दीच्या रस्त्यावर हिंडत होता. त्या संघाची चित्रं असलेला शर्ट घातलेली एक बाई त्याच्याशी बोलली, आणि आपण कुणाशी बोलतोय हे तिला कळलं नाही. याचं चित्रीकरण आहे. तो मजेत हसतोय त्यात.

२००३ च्या मे महिन्यात तो एक निवेदन काढून निवृत्त झाला. निरोपाचा दौरा नाही. स्पोकेनला परत गेला. बारा नंबरचा बनियन संघानं कायमचा बाजूला ठेवला, मैदानाबाहेर पुतळा उभारला; २००९ मध्ये स्प्रिंगफील्डच्या हॉल ऑफ फेममध्ये तो आणि जॉर्डन एकाच समारंभात गेले. त्यानंतरचं सगळंच मला पटतं असं नाही. कोविडच्या काळात त्यानं मास्कला विरोध केला, आणि २०२२ मध्ये त्याच्याच कॉलेजनं त्याचा सामन्यांचा पास स्थगित केला. आमच्या घरातली दोन माणसं त्या साथीत गेली, त्यामुळं ते वाचून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. अर्थात १५८०६ चे त्यामुळं १५८०५ होत नाहीत.

आता एका वहीविषयी. १९८२ मध्ये एका शिबिरात बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी आम्हाला असिस्टचा रकाना सांगितला, तेव्हा मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला. अण्णा माझा नातलग, म्हणून त्याच्या संघाच्या सामन्यांना मी टेबलावर बसत नसे. पायऱ्यांवर बसत असे. तेव्हापासून अण्णा खेळायचा थांबेपर्यंत मी एका शाळकरी वहीत त्याचे पास लिहीत गेलो. तारीख, कुणाला दिला, आणि एखाद-दुसरा शब्द: ‘पाठीमागून’, ‘टप्पा देऊन’, ‘दोन पावलं गेला’. एकूण दोनशे चौदा. ही वही मी कुणाला दाखवली नव्हती. दाखवून काय होणार होतं? नोकरीचं वय तर तेव्हाच उलटून गेलं होतं.

स्टॉकटन निवृत्त झाल्याची बातमी आली त्या आठवड्यात मी ती घेऊन गिरणीत गेलो. अण्णानं हात झटकले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. मला वाटलं होतं, त्याचे डोळे भरून येतील. त्यानं कानावरची पेन्सिल काढली. “हा धरायचा नाही, त्यानं दोनदा चेंडू घोळवला.” रेघ. “हा माझा नव्हेच, मध्ये कुणाचा तरी हात लागला होता.” रेघ. “हा? हा चुकीचाच दिला होता मी, त्यानं घेतला ही त्याची हुशारी.” वीस वर्षांपूर्वीचे ते पास त्याला एकेक करून आठवत होते, कुठल्या मैदानावर, रिंग कुठल्या बाजूला होती त्यासकट. मी एक-दोनदा वाद घालून पाहिला, तर म्हणाला, “तू पायऱ्यांवर होतास. चेंडू माझ्या हातात होता.”

दीड तास लागला. शेवटी एकशे सत्त्याऐंशी राहिले. तो आकडा त्यानं शेवटच्या पानावर लिहिला, खाली तारीख घातली. तेवढ्यात कुणीतरी जोंधळ्यांचा डबा घेऊन आलं. “बारीक दळा हं, भाकरीला,” असं कानडीत सांगितलं, आणि अण्णानं वही माझ्या हातात देऊन पट्टा सुरू केला.